‘ही यादी झाली, आढावा नाही’

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते आहे. विषय आहे रोजगार हमी योजना आणि ग्रामीण स्त्री मजूर, लातूर जिल्ह्याच्या संदर्भात. दुसऱ्या प्रकरणासाठी, म्हणजे संशोधन साहित्याच्या आढाव्यासाठी, सत्तरएक संदर्भ जमवले. आधी परदेशातलं संशोधन, मग भारतातलं, मग महाराष्ट्रातलं, असं लावलं आणि प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहिला. सरांनी प्रकरण परत दिलं. वर एवढंच लिहिलं होतं, ‘ही यादी झाली, आढावा नाही.’ विभागातल्या जुन्या प्रबंधांत तर असंच असतं, मग माझं चुकलं कुठे? इंग्रजी लेख वाचायला मला फार वेळ लागतो. एक सहकारी म्हणतात, शोधगंगेवरून, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, एखादं प्रकरण घ्या आणि शब्द बदला. मैत्रीण म्हणते, चॅटबॉट पाच मिनिटांत लिहून देईल. सहा महिन्यांनी सल्लागार समितीसमोर बसायचं आहे. सोबत प्रकरणाची काही पानं जोडते आहे.
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर :

तुमची पानं दोनदा वाचली. मेहनत दिसते. संदर्भ बरोबर लिहिलेत, सनावळ्या बरोबर आहेत आणि ज्यांची नावं घेतलीत त्यातली बरीचशी माणसं या विषयातली खरोखर महत्त्वाची माणसं आहेत. तरीही सरांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी एका ओळीत आटोपलं, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण हीच ओळ शेरा म्हणून मिळालेली पुष्कळ मुलंमुली मला लिहितात आणि पुढे नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या पानांतूनच दाखवते. ‘परदेशातील संशोधन’ या मथळ्याखाली तुम्ही लिहिलं आहे : ‘हेरिंग व एडवर्ड्स (१९८३) यांनी रोजगार हमी योजनेच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास केला. त्यांच्या मते योजनेचा लाभ जमीनधारक वर्गाला झाला.’ नंतर बारा पानं उलटल्यावर ‘महाराष्ट्रातील संशोधन’ या मथळ्याखाली येतं : ‘दांडेकर व साठे (१९८०) यांनी रोजगार हमी योजनेचा अभ्यास केला. योजना गरीब मजुरांपर्यंत पोचल्याचे त्यांना आढळून आले.’

आता ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून वाचा. दोघांचा विषय एकच, राज्य एकच, काळही जवळपास एकच. एक म्हणतात लाभ गरिबांना, दुसरे म्हणतात लाभ जमीनवाल्यांना. एवढा मोठा मतभेद तुमच्या हातात होता. पण लेखक परदेशी आणि नियतकालिक परदेशी, एवढ्यावरून महाराष्ट्रावरचाच एक लेख ‘परदेशातील संशोधन’मध्ये गेला आणि हे दोन अभ्यास एकमेकांना भेटलेच नाहीत. परदेश-भारत-महाराष्ट्र ही रचना आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली आहे, त्यामुळे तुम्ही ती उचललीत यात नवल नाही. ती मोडा. लेखक कुठल्या देशात राहतो यावरून त्याने कोणता प्रश्न विचारला हे कळत नाही, आणि आढावा लावायचा तो प्रश्नांवरून.

मग हे दोन अभ्यास खरंच एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे कामावर आलेल्या मजुरांकडे गेल्या. ही माणसं कोण, किती गरीब, त्यांच्यात बायका किती, हे त्यांनी विचारलं. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी मजुरीच्या पुढचं विचारलं : त्या कामातून पाझर तलाव झाला, रस्ता झाला, बांधबंदिस्ती झाली, तर पाणी कुणाच्या विहिरीला लागलं आणि माल कुणाचा बाजारात पोचला? एकीकडे लाभ म्हणजे आठवड्याच्या शेवटी हातात आलेली मजुरी, दुसरीकडे लाभ म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. हे तुम्ही लिहिलंत की आढाव्याला सुरुवात झाली.

हाच भाग मी तुमच्या जागी असते तर कसा लिहिला असता, ते प्रबंधाच्या भाषेत लिहून दाखवते :

‘रोजगार हमीचा लाभ कोणाला झाला, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक लाभ कशाला म्हणतात यावर अवलंबून आहे. कामावरील मजुरांची पाहणी करणाऱ्या दांडेकर व साठे (१९८०) यांना योजना गरिबांपर्यंत पोचलेली दिसली. हेरिंग व एडवर्ड्स (१९८३) यांनी कामातून निर्माण होणाऱ्या मालमत्तेचा फायदा कोणत्या वर्गाला मिळतो हे तपासले आणि त्यांना जमीनधारकांचे हितसंबंध दिसले. हे दोन्ही अभ्यास १९८८च्या मजुरीवाढीपूर्वीचे आहेत. त्या वाढीनंतर काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम मिळेनासे झाले, असे रॅव्हॅलियन, दत्त व चौधरी (१९९३) दाखवतात. त्यामुळे १९८८ नंतरच्या काळासाठी योजना कोणापर्यंत पोचली एवढे विचारून भागत नाही. कोणाला काम न देता परत पाठवले गेले, हेही विचारावे लागते. परत गेलेल्यांत स्त्रिया किती, हा प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न येथून निघतो.’

तीन संदर्भ, एक परिच्छेद. लेखकांची नावं आहेत, पण वाक्यं प्रश्नापासून सुरू होतात आणि शेवटी तुम्ही स्वतः उभ्या दिसता. तुमच्या सत्तर परिच्छेदांत तुम्ही कुठेच नव्हता, आणि माझ्या मते सरांना खटकलं ते हेच.

आता तुमच्या विषयातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते. ती तुमच्या पानांत आलेलीच नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा आढावा तिच्याभोवती उभा राहू शकतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७चा, अंमलात आला २६ जानेवारी १९७९ला. त्यात कामाचा हक्क ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीला होता. २००५च्या केंद्राच्या कायद्याने, म्हणजे मनरेगाने, हमी दिली ती कुटुंबाला, वर्षाला १०० दिवसांची. स्त्री मजुरांवर लिहिणाऱ्यांसाठी हा फरक प्रचंड मोठा आहे. पहिल्या कायद्यात बाई स्वतःच्या नावावर काम मागू शकत होती, नवऱ्याने किती दिवस केलं याचा तिच्या हक्काशी संबंध नव्हता. दुसऱ्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून १०० दिवस वाटून घ्यायचे. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे हे खरं. पण घराच्या आत ते दिवस कसे वाटले जातात, हे त्या तरतुदीतून कळत नाही.

तुम्ही मात्र १९८३चं कुमुदिनी दांडेकरांचं स्त्रियांच्या रोजगारावरचं पुस्तक आणि २०१० नंतरचे मनरेगावरचे लेख एका दमात सांगितले आहेत, जणू दोन्हीकडे ‘स्त्रियांचा सहभाग’ या शब्दांमागे एकच गोष्ट आहे. हक्क बदलला, मोजण्याचं एकक बदललं. ते लक्षात घेतल्याशिवाय ‘सहभाग वाढला’ किंवा ‘घटला’ असं म्हणताच येणार नाही.

आकडे आले कुठून, हेही प्रत्येक ठिकाणी पाहा. काही अभ्यास हजेरीपटावरचे, म्हणजे मस्टरवरचे मनुष्यदिवस घेतात. काही घरोघर जाऊन विचारतात. मस्टरवर नाव असणं आणि बाई प्रत्यक्ष कामावर असणं यात अंतर असू शकतं, हे लातूरमध्ये राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. घरोघरच्या पाहणीचं चांगलं उदाहरण हवं असेल तर गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांचा १९९४चा लेख वाचा. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कान्झरा या गावांत वर्षानुवर्षं घरांची माहिती गोळा केली होती, तिच्या आधारावर तो आहे. रोजगार हमीच्या (रोहयोच्या) कामावर गेल्यामुळे माणसाची दुसरी कोणती कमाई बुडाली, हा त्यांचा प्रश्न. तो वाचला की तुमच्या मुलाखतींच्या प्रश्नावलीत एक प्रश्न नक्की वाढेल : तुम्ही या कामावर आला नसतात तर आज काय करत असता?

आणि लातूर का? तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलं आहे, ‘लातूर जिल्ह्यावर असे संशोधन झालेले नाही, म्हणून प्रस्तुत विषय निवडला.’ हे वाक्य काढून टाका. ३६ जिल्ह्यांपैकी बहुतेकांवर कुणी ना कुणी हे वाक्य लिहू शकेल. समितीतला कुणीही विचारेल, धाराशिववर झालंय ना, मग लातूरमध्ये काय वेगळं निघणार? लातूरमध्ये वेगळं काय आहे ते तुम्हालाच ठाऊक आहे. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६चं वर्ष तुमच्या जिल्ह्याने पाहिलंय. दर हंगामाला ऊसतोडीसाठी घरं सोडून जाणारी कुटुंबं तुमच्या तालुक्यांत आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, बाईच्या हातात स्वतंत्र मजुरी येत नाही. म्हणजे एकीकडे हक्क कुटुंबाचा आणि दुसरीकडे मजुरी जोडीची. तिच्या एकटीच्या नावावर काय उरतं? हा प्रश्न लातूरमध्ये विचारण्याला कारण आहे. त्यासाठी ऊसतोड स्थलांतरावरचं साहित्यही वाचावं लागेल, जे आत्ता तुमच्या यादीत नाही. सत्तरातले निम्मे संदर्भ काढून हे घ्या.

शोधायचं कसं, तर माझ्या मते गुगल स्कॉलरवर नुसते शब्द टाकत बसण्यापेक्षा एक चांगला लेख धरावा. त्याच्या शेवटची संदर्भसूची पाहिली की तुम्ही मागे जाता. त्याच लेखाखाली ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की त्याच्यानंतर कुणीकुणी त्याचा आधार घेतला किंवा त्याच्याशी वाद घातला ते दिसतं. रॅव्हॅलियन, दत्त, चौधरी यांच्या लेखापासून दोन्ही दिशांना गेलात तर या विषयातली मुख्य माणसं हाती येतील. शब्द टाकायचेच तर एकाच नावावर थांबू नका. इंग्रजीत ही योजना ‘ईजीएस’ (एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम) म्हणून येते, ‘पब्लिक वर्क्स’ म्हणून येते, ‘वर्कफेअर’ म्हणूनही येते. मराठीत ‘रोहयो’, ‘मागेल त्याला काम’, ‘दुष्काळी कामे’.

मराठीतलं साहित्य तुम्ही जवळपास वगळलंय, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ही योजना जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी अभ्यासली ती नंतर. तिचा जन्म इथला, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरमध्ये केलेल्या प्रयोगातून. १९७२च्या दुष्काळात, १९७३च्या उन्हाळ्यात, राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तो अनुभव पाठीशी होता म्हणून कायदा झाला. योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५मध्ये व्यवसाय कर आला, जो आजही तुमच्या पगारपत्रकात कापलेला दिसतो. या सगळ्यावर विधिमंडळात चर्चा झाल्या, शासन निर्णय निघाले, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘साधना’ यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक आहेत, ते चाळा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने बरंच जुनं साहित्य स्कॅन करून ऑनलाइन ठेवलंय. आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे सत्तर-ऐंशीच्या दशकातले अंक पाहिल्याशिवाय हा आढावा पूर्ण होणार नाही, दांडेकर-साठे तिथेच छापले गेले. मराठीतला दस्तऐवज तुम्ही सहज वाचू शकता, हे बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाकडे नसलेलं बळ आहे. ते वापरा.

इंग्रजी वाचायला वेळ लागतो म्हणता. सत्तरच्या सत्तर लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे असतात असं तुम्हाला वाटतंय का? तसं कुणीच करत नाही. आधी सारांश, प्रस्तावनेची शेवटची दोन पानं आणि निष्कर्ष वाचा. मग तक्ते पाहा, त्यांना भाषा फार लागत नाही. एवढ्यावर बहुतेक लेखांचा निकाल लागतो : हा माझ्या प्रश्नाशी भिडतो की नुसता जवळून जातो. भिडणारे दहा-पंधरा निघतील, ते मात्र शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचा, त्यातले गणिताचे भाग कळेनात तर विभागातल्या संख्याशास्त्राच्या कुणाला तरी घेऊन बसा. टिपणं मराठीतच काढा. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तक्ता करा : लेखकाचा प्रश्न काय, कुठलं गाव-जिल्हा आणि कोणती वर्षं, माहिती मस्टरची की पाहणीची, निष्कर्ष काय, आणि शेवटचा रकाना ‘हा कुणाशी असहमत आहे’. पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. तो शेवटचा रकाना भरायला सगळ्यात त्रास होईल, आणि तुमच्या प्रकरणाचे उपमथळे त्याच रकान्यातून निघतील.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल. शोधगंगेवरचे प्रबंध जरूर वाचा, पण ते वाटाड्यासारखे वापरा : त्यांनी कुणाचं नाव घेतलंय ते पाहा आणि मूळ लेख उघडा. दुसऱ्याच्या प्रबंधातला सारांश उचलून मूळ लेखाचा संदर्भ देणं सर्रास चालतं, आणि त्यातूनच एकाची चूक दहा प्रबंधांत जाते. शब्द बदलून प्रकरण घेणं ही चोरीच आहे, मग सॉफ्टवेअरने ती पकडो वा न पकडो. पकडली तर काय, तेही सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० टक्क्यांच्या वर गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्यासाठी हे नुसतं पदवीचं नुकसान नाही.

चॅटबॉटचं म्हणाल, तर समोर असलेल्या लेखातला एखादा अवघड परिच्छेद समजावून घ्यायला तो उपयोगी पडतो. आढावा लिहून मागू नका, संदर्भ तर मुळीच मागू नका. खऱ्या लेखकाच्या नावापुढे कधीच न लिहिलेल्या लेखाचं नाव आणि बिनचूक वाटणारं वर्ष तो ठेवून देतो. तुमच्या समितीवर या विषयातलं कुणी असेल तर त्यांना ते पहिल्या नजरेत दिसेल. एक नियम स्वतःला घालून घ्या : जो लेख मी स्वतः उघडला नाही, तो माझ्या सूचीत नसेल. ‘किमान शंभर संदर्भ हवेत’ असं कुणी म्हणालं तरी हा नियम सोडू नका. पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? नव्या लेखाची संदर्भसूची उघडल्यावर तीच ती नावं दिसायला लागली आणि तुमच्या तक्त्यात नवा प्रश्न यायचा थांबला, की वाचन थांबवा आणि लिहायला बसा. मूळ लेख मिळत नसतील तर ग्रंथपालांना भेटा. जानेवारी २०२५पासून संशोधन नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणारी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे, ती शासकीय संस्थांसाठी आहे. तुमचं महाविद्यालय त्यात नसलं तर तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

सहा महिने पुरेसे आहेत, पण जुन्या प्रकरणाला ठिगळं लावत बसलात तर पुरणार नाहीत. ती फाइल बाजूला ठेवा. येत्या पंधरवड्यात फक्त दोन पानं लिहा. त्यात तीन प्रश्न असू द्या : योजनेचा लाभ म्हणजे काय आणि तो कुणाला, हक्क व्यक्तीचा असताना आणि कुटुंबाचा झाल्यावर बाईच्या वाट्याला काय आलं, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला गावातल्या कामाची हमी कितपत उपयोगी पडते. प्रत्येक प्रश्नाखाली कोण काय म्हणतं आणि त्यांचं कुठे पटत नाही, एवढंच. ती दोन पानं घेऊन सरांकडे जा आणि विचारा, ‘या तीन भागांत प्रकरण बांधलं तर चालेल का?’ ज्यांनी तुमची सगळी पानं वाचून तो शेरा मारला, ते या दोन पानांवर तुमच्याशी तासभर बोलतील असं मला वाटतं. बोलणं झालं की मला पुन्हा लिहा, तिसऱ्या प्रश्नासाठी ऊसतोडीवरचं काय वाचायचं ते तेव्हा बघू.